जलविहारास निघतांना : फोनचें जलाभेद्य कवच कसें पारखावें?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी मालवण-तारकर्लीस जाण्याचें ठरवितो, कोणास कोलाडजवळच्या कुंडलिका नदींत रबरी होडींतून वाहत जाण्याची हौस असते, आणि ज्यांस गांव सोडून जातां येत नाहीं त्यांच्या घरचीं मुलें निदान शहरांतील पोहण्याच्या तलावावर नांव नोंदवितात. जलक्रीडेची ही आवड वाढत आहे याबद्दल आम्हांस समाधानच वाटतें. परंतु पूर्वीं पोहावयास निघालेल्या मनुष्याजवळ एक पंचा आणि शिकाऊ असल्यास पाठीस बांधावयाचा भोपळा एवढेंच सामान असे. आज त्याच्याबरोबर फोनही निघतो. आणि हा फोन केवळ बोलण्याचें यंत्र राहिलेला नाहीं. बँकेचा व्यवहार, आगगाडीचीं तिकिटें, मुलांच्या शाळेचे निरोप, आजोबांच्या औषधांची यादी, घरांतून कायमच्या निघून गेलेल्या आजीच्या आवाजांतील ओव्या, हें सारें त्या तळहाताएवढ्या पेटींत सांठविलेलें असतें. एकत्र कुटुंबांत तर कर्त्या माणसाचा फोन बुडाला कीं साऱ्या घराचा व्यवहार दोन दिवस अडतो.

म्हणून फोनसाठीं जलाभेद्य कवच कोणतें घ्यावें हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी विचार करण्याजोगा आहे. शेंदोनशें रुपयांच्या साध्या पिशवीपासून कांहीं हजार रुपयांच्या कठीण पेटीपर्यंत नाना प्रकार बाजारांत मिळतात, आणि प्रत्येकावर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ठळक छापलेला असतो. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, कवचावर छापलेला आंकडा हें एका विवक्षित परीक्षेचें प्रमाणपत्र आहे, सर्व प्रसंगांचें अभयपत्र नव्हे. खरी परीक्षा आपल्या घरच्या बादलींत घेतली पाहिजे. आणि कवच कितीही उत्तम असलें तरी तें फोनचें रक्षण करतें, पोहणाऱ्याचें नव्हे.

आंकड्यांचा अर्थ

‘काका, पिशवीवर आय. पी. एक्स. आठ असें लिहिलें आहे. मग आणखी काय पाहावयाचें?’ असें घरांतील एखादा चुणचुणीत पुतण्या विचारील, आणि पुष्कळ काकांना त्याचें उत्तर चटकन् देतां येणार नाहीं. या अक्षरांचें मूळ आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकांत आहे. हा आयोग १९०६ सालीं लंडन येथें स्थापन झाला व त्याची मुख्य कचेरी आज जिनिव्हास आहे. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेंही हेंच मानक स्वीकारलें आहे.

या पद्धतींत ‘आय. पी.’ या अक्षरांपुढें दोन आंकडे येतात. पहिला धुळीपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा व दुसरा पाण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा. एखाद्या आंकड्याच्या जागीं ‘एक्स’ असेल तर त्या परीक्षेची नोंद नाहीं एवढेंच समजावें. पाण्याचा आंकडा ४ असेल तर चोहोंकडून उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतेंच संरक्षण आहे. ५ व ६ हे नळीच्या झोताविषयीं आहेत. ७ याचा अर्थ असा कीं, वस्तु १ मीटर खोल पाण्यांत ३० मिनिटें बुडवून ठेवली असतां अपाय होईल इतकें पाणी आंत जात नाहीं. ८ हा आंकडा सातापेक्षां कडक परीक्षेचा आहे खरा. पण किती खोल आणि किती वेळ, हें मानकानें ठरविलेलें नसून उत्पादकानें स्वतः सांगावयाचें असतें.

पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. नुसता ८ हा आंकडा अपुरा आहे. त्याच्यासमोर खोली व वेळ छापलेली पाहिजे. याचें उदाहरण फोनमध्येंच सांपडतें. ॲपल कंपनीनें २०२० सालच्या आयफोन १२ साठीं व सॅमसंग कंपनीनें आपल्या गॅलेक्सी एस मालिकेंतील फोनसाठीं ‘आय. पी. ६८’ हाच दर्जा सांगितला आहे. परंतु पहिल्याची मर्यादा ६ मीटर व ३० मिनिटें, तर दुसऱ्याची दीड मीटर व ३० मिनिटें. छाप एकच असून खोलींत चौपट अंतर! तेव्हां दुकानदारास ‘आठ आहे का?’ असें न विचारतां ‘किती मीटर आणि किती मिनिटें?’ असें विचारावें. याचें उत्तर वेष्टनावर छापलेलें नसेल तर ती वस्तु खुशाल परत करावी.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. सातव्या आंकड्याची परीक्षा गोड्या व स्थिर पाण्यांत होते. तींत लाटा नसतात, वाळू नसते, मीठ नसतें, आणि पोरें उंचावरून उडीही मारीत नाहींत. बुडविण्याच्या परीक्षेंत उतरलेली वस्तु झोताच्या परीक्षेंतही उतरेलच असें हें मानक धरीत नाहीं. दोन्ही दर्जे असतील तर ते दोन्ही लिहावे लागतात. उडीचा प्रकार तर विशेष आहे. ३ मीटर उंच फळीवरून उडी घेतली असतां पाण्यावर आदळण्याच्या क्षणीं जो दाब पडतो तो निदान ३ मीटर खोल पाण्याच्या दाबाइतका असतो. एक मीटरचें प्रमाणपत्र असलेली पिशवी कमरेस बांधून फळीवरून उडी मारणें म्हणजे तिच्या मर्यादेच्या तिप्पट दाबास तोंड देणें होय.

‘आमचा फोन मुळांतच जलरोधक आहे, मग कवचाचा खर्च कशास?’ असें कांहीं गृहस्थ विचारतात. फोन बनविणाऱ्या कंपन्याच सांगतात कीं हा गुण कायमचा नसतो. वापरानें व झिजेनें तो कमी होतो. पाण्यानें झालेली खराबी साधारणपणें हमींतही बसत नाहीं. ॲपल कंपनी तर आपला फोन घेऊन पोहूं नये असाच सल्ला देते, आणि सॅमसंग कंपनी समुद्रकांठ व पोहण्याचा तलाव या दोन्ही ठिकाणीं त्याचा पाण्याशीं संबंध येऊं देऊं नये असें म्हणते. बनविणाराच जेथें इतका सावध, तेथें वापरणारानें अधिक धीट होण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

कवचाचे प्रकार

ढोबळ मानानें कवचाचे तीन प्रकार करतां येतील. पहिला प्रकार पारदर्शक मऊ पिशवीचा. हिच्या तोंडास चाप किंवा फिरवून बसवावयाच्या खिट्या असतात व ती बहुतेक सर्व फोनांना चालते. दुसरा प्रकार गुंडाळून बंद करावयाच्या जाड थैलीचा. हींत फोन, पैसे, किल्ल्या, चष्मा असें सारेंच राहतें. मात्र आंतला फोन वापरतां येत नाहीं. तिसरा प्रकार कठीण पेटीचा. ही एका विशिष्ट फोनच्या मापाची किंवा पाणबुड्यांच्या उपयोगाची असते व तिच्या दोन फाळ्यांमध्यें रबरी कडी बसविलेली असते.

मऊ पिशवी आणि कठीण पेटी यांची वागणूक पाण्यांत निरनिराळी असते. १ मीटर खोलीवर पाण्याचा दाब हवेपेक्षां दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १०० ग्रॅमनें वाढतो. १७ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद अशा पेटीच्या एका बाजूवर हा भार १७ किलोग्रॅम होतो. कठीण पेटी हा भार आपल्या अंगावर घेते, म्हणून तिची कडी निर्दोष पाहिजे. मऊ पिशवी दबते, आंतली हवा आवळते, आणि तिचा पापुद्रा फोनला घट्ट चिकटून बसतो.

आतां कोणास कोणता प्रकार योग्य? तारकर्लीस किनाऱ्यावर बसणें, सिंधुदुर्ग किल्ल्यास होडीनें जाणें, तलावाच्या कांठावरून मुलांचें छायाचित्र घेणें, एवढ्यासाठीं चांगली मऊ पिशवी पुरे. सिंधुदुर्गाच्या आसपास तोंडास नळी लावून पाण्याखालचीं प्रवाळें व मासे पाहण्याची सोय आहे. तेथें चित्रें घ्यावयाचीं असतील तर खोली स्पष्ट छापलेली कठीण पेटी घ्यावी, किंवा तेथील माहीतगार माणसांच्या कॅमेऱ्यावर विसंबावें, जें पुष्कळ वेळां स्वस्तही पडतें. कुंडलिकेच्या वाहत्या प्रवाहांत मात्र फोन हातांत धरण्याची जागाच नाहीं. तेथें गुंडाळीची थैली घेऊन ती होडीस पक्की बांधावी, किंवा फोन मुक्कामावरच ठेवावा.

प्लॅस्टिकचीही पारख करावी. स्वस्त पिशव्या पुष्कळदां पी. व्ही. सी. च्या असतात. त्यांस मऊ ठेवणारें द्रव्य कालांतरानें निघून जातें व त्या पिंवळट, ताठर होऊन घडीवर चिरतात. टी. पी. यू. म्हणून जें द्रव्य आहे तें अधिक चिवट व लवचिक असतें. पिशवीची शिवण नसावी. कडा उष्णतेनें सांधलेल्या असाव्या व तो सांधा रुंद असावा. बोटांनीं कडा ताणून पाहिल्यास कच्चा सांधा तेव्हांच कळतो.

तोंड कसें आहे?

सर्व कवचांचें मर्म त्यांच्या तोंडांत असतें, आणि ही गोष्ट आमच्या गृहिणींस कोणीं शिकविण्याची गरज नाहीं. कुकरच्या रिंगेवर भाताचें एक शीत चिकटून राहिलें तर वाफ निसटते; लोणच्याच्या बरणीचा दादरा सैल राहिला तर वर्षाचें लोणचें नासतें. फोनच्या कवचाचें असेंच आहे. कडीवर वाळूचा एक कण, एखादा केस किंवा पिशवीच्या दोरीचा धागा आडवा आला कीं पाण्यास वाट मिळते. म्हणून दुकानांत कवच पांचसहा वेळां उघडून-मिटून पाहावें. चाप बसतांना स्पष्ट ‘टक्’ असा आवाज यावा. बोटाच्या ओझरत्या धक्क्यानें तो उघडूं नये. आणि एका ऐवजीं दोन बंद असल्यास उत्तमच. प्रवासांत कवच खोलींतच कोरड्या हातांनीं बंद करून निघावें. वाळूंत बसून तें उघडूं नये.

खोलींतच बंद करण्याचें आणखी एक कारण आहे. कोंकणची दमट हवा आंत कोंडली गेली आणि कवच थंड पाण्यांत गेलें कीं आंतून दंव धरतें व चित्रें धुरकट येतात. औषधांच्या डबींत येते तशी ओल शोषणारी सिलिका जेलची एक पुडी आंत टाकल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. बंद पिशवी उन्हांत मात्र ठेवूं नये; आंतली उष्णता बाहेर न पडल्यामुळें फोन तापतो.

तरंगण्याचा हिशेब

‘ही पिशवी तरंगते’ असेंही वेष्टनावर लिहिलेलें आढळतें. तें खरें कीं खोटें हें थोड्या हिशेबानें कळतें. २०० ग्रॅम वजनाचा फोन साधारणपणें ९० घनसेंटिमीटर जागा व्यापतो, म्हणजे ९० ग्रॅम भार पाणीच उचलतें. राहिलेले ११० ग्रॅम व पिशवीचें थोडें वजन उचलण्यास आंत निदान सवाशें घनसेंटिमीटर, म्हणजे लहानसा कपभर, हवा हवी. जुन्या काळीं भोपळा तरंगे तो याच कारणानें. पिशवी चपटी करून हवा काढून टाकली तर ती तरंगणार नाहीं. फुगवट्याची कडा असलेली पिशवी या दृष्टीनें बरी. पण हवा दाबानें आवळते हें विसरूं नये. पृष्ठभागावर जेमतेम तरंगणारी पिशवी हातानें दोन-तीन मीटर खोल नेली तर तिच्यांतील हवा इतकी आक्रसते कीं हात सुटतांच ती वर न येतां खालीं जाते. १० मीटरांवर तर हवेचें आकारमान निम्मेंच उरतें.

पाण्याखालीं फोन चालतो काय?

येथें पुष्कळांचा हिरमोड होतो. फोनची कांच बोटाचा स्पर्श ओळखते ती विजेच्या सूक्ष्म फरकावरून. पाणी स्वतःच विजेचें वाहक असल्यामुळें पाण्याखालीं कांचेस बोट कोणतें आणि पाणी कोणतें हें कळत नाहीं. याकरितां पाण्यांत उतरण्यापूर्वींच कॅमेरा सुरू करून ठेवावा व चित्र घेण्यास आवाज कमीजास्त करण्याचें बाजूचें बटण दाबावें. पिशवी घेतांना तें बटण बाहेरून नीट दाबतां येतें का, आणि कॅमेऱ्यासमोरचा भाग स्वच्छ पारदर्शक आहे का, हें पाहून घ्यावें. पाण्याखालून कोणास फोनही करतां येत नाहीं. खाऱ्या पाण्यांत रेडिओ-लहरी फार लौकर विरून जातात. मदत मागावयाची तर फोन पाण्याबाहेर धरला पाहिजे.

घरची परीक्षा

नवें कवच आणल्यावर फोन आंत घालण्याची घाई करूं नये. टीपकागदाच्या तुकड्यावर शाईच्या पेननें चार-पांच टिपके द्यावे, तो आंत ठेवून कवच बंद करावें, व वर एखादें गुळगुळीत जड भांडें ठेवून बादलीभर पाण्यांत तें तासभर बुडवून ठेवावें. बाहेर काढल्यावर अंग कोरडें पुसून मगच उघडावें. टिपका पसरला असेल, किंवा कागदाचा कोपरा जरी ओलसर लागला, तरी तें कवच बाद समजावें. मऊ पिशवीसाठीं दुसरीही परीक्षा सोपी आहे. ती हवा भरून बंद करावी व पाण्याखालीं दाबावी. सायकलच्या ट्यूबमधील छिद्र जसें बुडबुड्यांनीं सांपडतें तसें येथेंही सांपडतें.

बादलीची खोली हातभर. तेव्हां तींत उतरलेलें कवच मीटरभर पाण्यांत टिकेलच असें सिद्ध होत नाहीं, परंतु वाईट माल तेवढा नक्की उघडा पडतो. ज्यांचे घरीं हौद किंवा विहीर आहे त्यांनीं कवचास वजन व दोरी बांधून तें मीटरभर खोल सोडून पाहावें. ही परीक्षा एकदां करून थांबूं नये. प्रत्येक प्रवासापूर्वीं करावी. हें काम घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलांवर सोंपवावें. त्यांना त्यांत गंमत वाटते व शास्त्रही समजतें.

समुद्रांतून किंवा तलावांतून आल्यावर कवच बंद असतांनाच गोड्या पाण्यानें धुवावें, कारण मिठाचे कण व तलावांतील क्लोरिन हे दोन्ही कडीस अपायकारक आहेत. मग तें पुसून, तोंड खालीं धरून उघडावें, म्हणजे तोंडाशीं राहिलेला थेंब आंत न जातां बाहेर पडतो. सांठवितांना चाप सैल ठेवावा. सदैव दाबलेल्या रबराची लवचिकता जाते. पिंवळी पडलेली, ताठरलेली किंवा घडीवर पांढरी रेघ उमटलेली पिशवी काटकसरीच्या मोहानें ठेवूं नये.

इतकें करूनही पाणी शिरलेंच तर फोन ताबडतोब बंद करावा, अंग पुसावें, आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत त्यास विजेची तार मुळींच लावूं नये. आपल्याकडे ओला फोन तांदळाच्या डब्यांत पुरून ठेवण्याची चाल पडली आहे. ॲपल कंपनीनें २०२४ सालीं आपल्या ग्राहकांना स्पष्ट सांगितलें कीं असें करूं नये. तांदळाचे बारीक कण आंत जाऊन उलट नुकसान होऊं शकतें. फोन उभा धरून, तारेचें छिद्र खालीं करून, वाऱ्यावर ठेवणें बरें. खारें पाणी गेलें असल्यास विलंब न लावतां जाणत्या कारागिराकडे न्यावा. आणि सर्वांत मोठा उपाय घर सोडण्यापूर्वींचा : फोनमधील छायाचित्रें व आवाज यांची दुसरी प्रत घरच्या संगणकांत किंवा अन्यत्र ठेवून मगच निघावें. यंत्र पुन्हां विकत मिळतें. आजीची ओवी मिळत नाहीं.

शेवटीं माणसांविषयीं

पिशवीबरोबर गळ्यांत घालावयाची दोरी मिळते. किनाऱ्यावर ती ठीक. पोहतांना किंवा होडीच्या खेळांत ती गळ्यांत नसावी, आणि मुलांच्या तर मुळींच नसावी. लाटेंत किंवा प्रवाहांत ती कशांत तरी अडकून गळ्यास फास बसण्याचें भय असतें. कमरेस किंवा दंडास बांधावयाचा पट्टा बरा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बुडणारें मूल कथाकादंबऱ्यांतल्याप्रमाणें आरडाओरडा करीत नाहीं. त्याचें तोंड पाण्याच्या वर टिकत नसतें, तें हांक मारणार कशी? तें मुकाट्यानें खालीं जातें, आणि त्यास फार वेळही लागत नाहीं. अशा वेळीं कांठावरच्या वडील माणसाची नजर फोनच्या चौकटींत गुंतलेली असेल तर दोन हातांवर असून नसल्यासारखेंच. म्हणून आमची सर्व कुटुंबांस अशी विनंती आहे कीं, मुलें पाण्यांत असेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचें काम ज्या काकांकडे किंवा आत्याबाईंकडे असेल त्यांच्या हातीं फोन नसावा. चित्रें दुसऱ्या कोणीं घ्यावीं. पाळी बदलली कीं फोनही बदलावा. होडींत बसतांना प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असलेंच पाहिजे. त्यास कोणतेंही कवच हा पर्याय नव्हे. निसटलेल्या फोनमागें खोल पाण्यांत कोणीही झेंप घेऊं नये, हें तर मुलांना निघण्यापूर्वींच बजावून ठेवावें.

उत्तम कवचाचा खरा उपयोगही संकटाच्याच वेळीं आहे. होडी कलंडली, कोणी वाहत गेला, तर कोरडा राहिलेला एक फोन ११२ या क्रमांकावर, समुद्रांत असल्यास तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर, मदत मागूं शकतो. चार कुटुंबें मिळून प्रवासास निघालीं असतील तर सर्वांच्या फोनांना पाण्यांत नेण्यापेक्षां परीक्षा घेतलेल्या कवचांतील एक फोन एका जबाबदार माणसाजवळ द्यावा, आणि बाकीचे मुक्कामीं कुलपांत ठेवावे. तो एक फोन चित्रांसाठीं रिता करून ठेवूं नये; संध्याकाळपर्यंत त्याची बॅटरी पुरेल एवढी काळजी त्या माणसानें घ्यावी.